प्रौढ शिक्षणार्थींची जनवकिली

प्रौढ शिक्षणार्थींची जनवकिली म्हणजे प्रौढ वयात लेखन-वाचन शिकणाऱ्या किंवा नुकत्याच साक्षर झालेल्या व्यक्तींनी, प्रौढ साक्षरता शिक्षणास कायदा, निधी व धोरण यांचे पाठबळ मिळावे यासाठी लोकप्रतिनिधींकडे आणि शासनाकडे स्वतः केलेला संघटित पाठपुरावा होय. साक्षरतेच्या प्रश्नावर शिक्षक, समाजसेवक, ग्रंथपाल आणि अभ्यासक दीर्घकाळ बोलत आले आहेत. ज्यांच्यासाठी हे वर्ग चालतात त्यांनीच मागणी मांडावी, हा विचार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बळावला. अमेरिकेची संयुक्त संस्थाने, ब्रिटन व कॅनडा या देशांत या कार्याला संघटनेचे रूप मिळाले. ब्राझील आणि भारत या देशांत साक्षरतेच्या वर्गांतून निर्माण झालेल्या राजकीय जागृतीने वेगळी वळणे घेतली.

संज्ञा व स्वरूप

एखाद्या सार्वजनिक प्रश्नाची बाजू शासनापुढे व समाजापुढे सातत्याने मांडण्याच्या कार्यास मराठीत जनवकिली असे म्हटले जाते. निवडणुकीतील पक्षप्रचाराहून ती वेगळी आहे. एखाद्या उमेदवाराला निवडून आणणे हा तिचा हेतू नसून, निवडून आलेल्या प्रतिनिधीने विशिष्ट निर्णय घ्यावा हा असतो. प्रौढ शिक्षणाच्या संदर्भात हा निर्णय बहुधा तीन प्रकारचा असतो : वर्गांसाठी पुरेशी आर्थिक तरतूद, प्रौढांच्या शिक्षणाला कायद्याचा आधार आणि धोरण ठरविणाऱ्या मंडळांवर शिक्षणार्थींना स्थान.

या कार्यातील सहभागी व्यक्तींना निरनिराळ्या ठिकाणी प्रौढ शिक्षणार्थी, नववाचक किंवा नवसाक्षर असे म्हणतात. भारतात नवसाक्षर ही संज्ञा विशेष रूढ आहे.

पार्श्वभूमी

बहुतेक देशांत बालकांचे प्राथमिक शिक्षण ही शासनाची बंधनकारक जबाबदारी मानली जाते. प्रौढांच्या शिक्षणाची स्थिती तशी नाही. ते बहुधा योजना, मोहीम किंवा वार्षिक अनुदान या स्वरूपात चालते. योजनेची मुदत संपली किंवा अंदाजपत्रकातील तरतूद घटली, की वर्ग बंद पडतात. शाळा बंद पडल्यास पालक आवाज उठवतात. प्रौढांचा वर्ग बंद पडल्यास तसे घडत नाही, कारण निरक्षरता ही लपविण्याची गोष्ट समजली जाते. ‘चष्मा घरी राहिला’ असे सांगून अर्ज दुसऱ्याकडून भरून घेणारा प्रौढ सार्वजनिक ठिकाणी उभा राहून आपल्यासाठी वर्ग मागेल, ही शक्यता कमी असते. परिणामी ज्यांना या शिक्षणाची सर्वाधिक गरज असते, त्यांचाच आवाज निर्णयप्रक्रियेत सर्वांत क्षीण राहतो.

याला दुसरी बाजूही आहे. साक्षरतेचा मताधिकाराशी निकटचा संबंध राहिला आहे. ज्या देशांत किंवा प्रांतांत मतदानासाठी वाचता येणे आवश्यक होते, तेथे प्रौढांना शिकविणे म्हणजे नवे मतदार निर्माण करणे होते. त्यामुळे प्रौढ साक्षरतेला कधी राजाश्रय मिळाला, तर कधी कडवा विरोध झाला.

अमेरिकेची संयुक्त संस्थाने

प्रारंभ

केंटकी राज्यातील रोवन परगण्याच्या शिक्षण अधीक्षक कोरा विल्सन स्टुअर्ट यांनी ५ सप्टेंबर १९११ रोजी प्रौढांसाठी रात्रशाळा सुरू केल्या. डोंगराळ भागातील वाटा अंधारात धोक्याच्या असल्यामुळे हे वर्ग चांदण्या रात्री भरत. म्हणून त्यांना ‘चांदण्यातील शाळा’ असे नाव पडले. सुमारे १५० प्रौढ येतील अशी अपेक्षा असताना पहिल्याच रात्री १,२०० हून अधिक जण आले. दिवसा मुलांना शिकविणारे शिक्षक रात्री विनावेतन प्रौढांना शिकवीत. बालवाचने प्रौढांना देणे योग्य नाही, या जाणिवेने त्यांच्यासाठी स्थानिक बातम्यांचे छोटे वृत्तपत्र छापण्यात आले. या उपक्रमाच्या यशानंतर १९१४ साली केंटकीच्या विधिमंडळाने राज्य निरक्षरता आयोग स्थापन केला. या टप्प्यावर शासनाकडे मागणी मांडण्याचे काम मुख्यतः स्टुअर्ट यांनी केले. तथापि वर्गांना झालेली गर्दी हाच त्यांचा सर्वांत मोठा युक्तिवाद होता.

नागरिकत्व शाळा

दक्षिणेकडील अनेक राज्यांत कृष्णवर्णीयांना मतदानापासून दूर ठेवण्यासाठी साक्षरता चाचणीचा उपयोग केला जात असे. साउथ कॅरोलायना राज्यात मतदार नोंदणीसाठी राज्यघटनेतील उतारा वाचून दाखवावा लागे. जॉन्स बेटावरील एसॉ जेंकिन्स हे आपल्या बसमधून कामगारांची शहरात ने-आण करीत. प्रवासात ते प्रवाशांना राज्यघटनेतील उतारे शिकवू लागले. प्रौढांसाठी नियमित शाळा हवी, ही त्यांची मागणी टेनेसीमधील हायलँडर फोक स्कूल या संस्थेपर्यंत पोहोचली. तिचे संचालक माइल्स हॉर्टन आणि शिक्षिका सेप्टिमा क्लार्क यांनी ती उचलून धरली. नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचे सदस्यत्व सोडण्यास नकार दिल्यामुळे क्लार्क यांची शाळेतील नोकरी १९५६ साली गेली होती.

पहिला वर्ग जानेवारी १९५७ मध्ये एका सहकारी दुकानाच्या मागील खोलीत भरला. गोऱ्या रहिवाशांचे लक्ष जाऊ नये, हा जागेच्या निवडीमागील हेतू होता. शिकविण्यासाठी व्यावसायिक शिक्षक न घेता केशरचना व शिवणकाम करणाऱ्या बर्निस रॉबिन्सन यांची निवड करण्यात आली. पहिल्या वर्गात १४ जण होते. काय शिकायचे हे रॉबिन्सन यांनी त्यांनाच विचारले. स्वतःचे नाव लिहिणे, मनीऑर्डरचा अर्ज भरणे, टपालाने माल मागविण्याच्या यादीतून वस्तू निवडणे आणि मतदार नोंदणीचा उतारा वाचणे, असा अभ्यासक्रम त्यातून तयार झाला. मानवी हक्कांची जागतिक घोषणा वाचता येणे हे वर्गाचे उद्दिष्ट ठेवण्यात आले.

टेनेसी राज्याने १९६१ साली हायलँडरची सनद रद्द केली. तत्पूर्वीच नागरिकत्व शाळांचा कार्यक्रम मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नेतृत्वाखालील सदर्न ख्रिश्चन लीडरशिप कॉन्फरन्सकडे सोपविण्याची व्यवस्था झाली होती. पुढे तो दक्षिणेतील अनेक राज्यांत पसरला. १९६५ च्या मतदान हक्क कायद्याने भेदभावासाठी वापरल्या जाणाऱ्या साक्षरता चाचण्यांना स्थगिती दिली. वाचायला शिकणे आणि राज्यकर्त्यांना जाब विचारणे ही एकाच शिक्षणाची दोन अंगे आहेत, हा या शाळांचा वारसा पुढील शिक्षणार्थी संघटनांनी स्वीकारला.

संघीय कायदे व शिक्षणार्थींचे स्थान

१९६४ च्या आर्थिक संधी कायद्यात प्रौढांच्या मूलभूत शिक्षणाची तरतूद झाली आणि १९६६ साली स्वतंत्र प्रौढ शिक्षण कायदा संमत झाला. याच काळात स्वयंसेवी क्षेत्रात दोन मोठ्या संस्था कार्यरत होत्या. फिलिपिन्समधील कार्यामुळे प्रसिद्ध झालेले फ्रँक लॉबाक यांची लॉबाक लिटरसी (१९५५) आणि रूथ कॉल्विन यांनी सिरॅक्यूज येथे १९६२ साली सुरू केलेली, पुढे लिटरसी व्हॉलंटियर्स ऑफ अमेरिका या नावाने ओळखली गेलेली संस्था, या त्या होत. २००२ साली त्यांचे विलीनीकरण होऊन प्रोलिटरसी ही संस्था अस्तित्वात आली.

१९८० च्या दशकात प्रौढ निरक्षरतेची चर्चा राष्ट्रीय पातळीवर होऊ लागली. जोनाथन कोझॉल यांचा ‘इलिटरेट अमेरिका’ हा ग्रंथ १९८५ साली प्रसिद्ध झाला आणि १९८६ पासून दूरचित्रवाणीवरून व्यापक जनजागृती मोहीम चालविण्यात आली. या चर्चेत निरक्षर प्रौढ बहुधा दयेचा विषय म्हणून येई. त्याला छेद देणारी घटना म्हणून १९८७ साली फिलाडेल्फिया येथे भरलेल्या राष्ट्रीय प्रौढ साक्षरता परिषदेचा उल्लेख केला जातो. अमेरिकी राज्यघटनेच्या द्विशताब्दी वर्षात भरलेल्या या परिषदेत प्रौढ शिक्षणार्थी हेच प्रतिनिधी होते.

राष्ट्राध्यक्ष जॉर्ज एच. डब्ल्यू. बुश यांनी २५ जुलै १९९१ रोजी राष्ट्रीय साक्षरता कायद्यावर स्वाक्षरी केली. त्यानुसार राष्ट्रीय साक्षरता संस्था स्थापन झाली. तिच्या सल्लागार मंडळावर ज्या गटांतून सदस्य घ्यावयाचे, त्यांत साक्षरता वर्गांतील विद्यार्थ्यांचाही समावेश करण्यात आला. शिक्षणार्थी हा केवळ लाभार्थी नसून धोरणाच्या चर्चेतील एक पक्ष आहे, याला यामुळे कायद्यात मान्यता मिळाली.

शिक्षणार्थींची पत्रे व अभ्यासक्रम

२००० सालापर्यंत प्रत्येक प्रौढ अमेरिकी नागरिक साक्षर होईल आणि जागतिक अर्थव्यवस्थेत स्पर्धा करण्यास व नागरिकत्वाचे हक्क बजावण्यास समर्थ होईल, असे राष्ट्रीय उद्दिष्ट १९९० साली ठरविण्यात आले होते. त्याचा स्वतःच्या जीवनातील अर्थ काय, असा प्रश्न राष्ट्रीय साक्षरता संस्थेने देशभरातील प्रौढ शिक्षणार्थींना विचारला. १,५०० हून अधिक जणांनी लेखी उत्तरे पाठविली. त्यांच्या विश्लेषणातून शिकण्याची चार प्रयोजने पुढे आली : माहितीपर्यंत पोहोचणे, आपले म्हणणे ऐकले जाणे, इतरांवर अवलंबून न राहता कृती करणे आणि बदलत्या जगात पुढे शिकत राहणे. ‘इक्विप्ड फॉर द फ्यूचर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याचा पाया याच उत्तरांवर घातला गेला. शासनाच्या उद्दिष्टात रोजगाराला अग्रस्थान होते. शिक्षणार्थींनी पालक, नागरिक आणि कामगार या तिन्ही भूमिका सारख्याच महत्त्वाच्या मानल्या.

स्वतंत्र संघटना व निधीचा प्रश्न

१९९८ साली ‘व्हॅल्यू’ ही प्रौढ शिक्षणार्थींची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. तिचे नेतृत्व आजी-माजी शिक्षणार्थींकडे असावे, हे तिचे वैशिष्ट्य होते. सभा चालविणे, सार्वजनिक भाषण करणे, लोकप्रतिनिधींशी संवाद साधणे या बाबींचे प्रशिक्षण शिक्षणार्थींना देण्यावर तिने भर दिला. त्याच वर्षी संमत झालेल्या कार्यबल गुंतवणूक कायद्यात प्रौढ शिक्षणाचा समावेश करण्यात आला. या कायद्यानुसार संघीय अनुदान मिळविण्यासाठी राज्यांना एकूण खर्चाचा किमान एक चतुर्थांश वाटा अन्य स्रोतांतून उभारावा लागे. त्यामुळे शिक्षणार्थींना वॉशिंग्टनबरोबरच राज्यांच्या विधिमंडळांकडेही दाद मागावी लागली.

या पाठपुराव्याची कसोटी २००५ मध्ये लागली. राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या प्रशासनाने फेब्रुवारीमध्ये सादर केलेल्या अंदाजपत्रकात प्रौढ शिक्षणासाठी राज्यांना दिले जाणारे अनुदान सुमारे ५७ कोटी डॉलरवरून सुमारे २० कोटी डॉलरवर आणण्याचा प्रस्ताव होता. शिक्षणार्थी, शिक्षक व स्वयंसेवी संस्था यांनी प्रतिनिधींना पत्रे व दूरध्वनी करून, तसेच प्रत्यक्ष भेटी घेऊन त्यास विरोध केला. काँग्रेसने हा प्रस्ताव स्वीकारला नाही आणि अनुदान जवळजवळ पूर्वीच्या पातळीवर राहिले. तथापि गरज व तरतूद यांतील अंतर कायम होते. २००३ च्या राष्ट्रीय पाहणीत १४ टक्के, म्हणजे सुमारे ३ कोटी प्रौढांचे गद्यवाचन मूलभूत पातळीच्याही खाली असल्याचे दिसून आले होते.

राष्ट्रीय साक्षरता संस्था २०१० मध्ये बंद झाली. २०१४ च्या नव्या कायद्यात रोजगार व कौशल्य यांच्याशी प्रौढ शिक्षणाची सांगड अधिक घट्ट करण्यात आली.

ब्राझील

ब्राझीलमध्ये निरक्षरांना १९८५ पर्यंत मताधिकार नव्हता. शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरे यांनी १९६३ साली ईशान्येकडील आंजिकोस या गावी सुमारे ३०० शेतमजूर व कामगारांसाठी ४० तासांचा साक्षरता वर्ग चालविला. वीट, नांगर, काम अशा शिकणाऱ्यांच्या जीवनातील शब्दांपासून वाचनाला आरंभ करावयाचा आणि त्या शब्दांच्या निमित्ताने त्यांच्या परिस्थितीची चर्चा करावयाची, अशी त्यांची पद्धती होती. एप्रिल १९६३ मधील समारोपास राष्ट्राध्यक्ष जुआंव गुलार्त स्वतः उपस्थित राहिले. शिकणाऱ्यांच्या वतीने त्यांच्यापैकीच एकाने राष्ट्राध्यक्षांसमोर भाषण केले.

या प्रयोगाच्या धर्तीवर जानेवारी १९६४ मध्ये राष्ट्रीय साक्षरता कार्यक्रम जाहीर झाला. लाखो नवसाक्षर म्हणजे लाखो नवे मतदार, हे गणित जमीनदार वर्गाच्या लक्षात आले होते. मार्चच्या अखेरीस लष्कराने सत्ता बळकावली आणि एप्रिलमध्ये हा कार्यक्रम रद्द करण्यात आला. फ्रेरे यांना कारावास व त्यानंतर हद्दपारी पत्करावी लागली. राज्यकर्त्यांच्या पाठबळाने सुरू झालेले साक्षरता कार्य राज्यकर्ते बदलताच कसे कोसळते, याचे हे ठळक उदाहरण मानले जाते.

ब्रिटन

ब्रिटनमध्ये सक्तीच्या शालेय शिक्षणामुळे निरक्षरता संपली आहे, असा समज दीर्घकाळ होता. ब्रिटिश असोसिएशन ऑफ सेटलमेंट्स या संस्थेने १९७४ मध्ये ‘अ राइट टू रीड’ हे पत्रक प्रसिद्ध करून देशात किमान २० लाख प्रौढांना वाचन-लेखनाची अडचण असल्याचा अंदाज मांडला व शासनाने जबाबदारी स्वीकारण्याची मागणी केली. त्याच वर्षी शासनाने १० लाख पौंडांची तरतूद जाहीर केली. ऑक्टोबर १९७५ पासून बीबीसीने ‘ऑन द मूव्ह’ ही मालिका सुरू केली. अभिनेते बॉब हॉस्किन्स यांनी तीत वाचता न येणाऱ्या ट्रकचालकाची भूमिका केली. मालिकेत दिलेल्या दूरध्वनी क्रमांकावर हजारो प्रौढांनी संपर्क साधला.

१९७५ मध्येच ‘राइट फर्स्ट टाइम’ हे वृत्तपत्र निघू लागले. त्यातील मजकूर प्रौढ शिक्षणार्थींनी लिहिलेला असे. बालपण, शाळेत झालेला अपमान, कारखान्यातील काम, बेकारी अशा विषयांवरील लेखनाला त्यात स्थान मिळे. शासकीय अनुदानावर निघणाऱ्या या पत्रातील काही लेखन राजकीय स्वरूपाचे असल्याचा आक्षेप पुढे आला. अनुदान काढून घेण्यात आल्यावर १९८५ साली ते बंद पडले. प्रौढांना लिहिते करावयाचे, पण त्यांनी काय लिहावे हे कोणी ठरवावयाचे, हा प्रश्न या प्रकरणाने उभा केला.

१९९२ पासून ब्रिटनमध्ये प्रौढ शिक्षणार्थी सप्ताह साजरा होऊ लागला. शिक्षणार्थींचा जाहीर गौरव आणि त्यानिमित्ताने राजकीय नेत्यांशी संवाद असे त्याचे स्वरूप होते. पुढे इतर अनेक देशांनी हा उपक्रम स्वीकारला. १९९९ च्या मोझर अहवालाने सुमारे ७० लाख, म्हणजे पाचपैकी एक प्रौढ मूलभूत साक्षरतेत मागे असल्याचे दाखविले. २००१ साली ‘स्किल्स फॉर लाइफ’ हे राष्ट्रीय धोरण जाहीर होऊन २०१० पर्यंत २२.५ लाख प्रौढांची कौशल्ये सुधारण्याचे लक्ष्य ठेवण्यात आले.

कॅनडा

कॅनडात शिक्षण हा प्रांतांच्या अधिकारातील विषय असल्यामुळे प्रौढ साक्षरतेला संघशासनाचे पाठबळ मिळविणे अधिक अवघड होते. १९९३ साली सिनेटर जॉयस फेअरबेर्न यांच्याकडे साक्षरतेची विशेष जबाबदारी असलेले मंत्रिपद देण्यात आले. साक्षरता संघटना संसद परिसरात साक्षरता कृती दिनाचे आयोजन करीत आणि त्यात प्रौढ शिक्षणार्थी खासदारांची भेट घेत. सप्टेंबर २००६ मध्ये संघशासनाने प्रौढ शिक्षण व साक्षरतेच्या कार्यक्रमात १.७७ कोटी डॉलरची कपात जाहीर केली. या निर्णयाविरुद्ध देशभर निषेध व्यक्त झाला.

भारत

भारतात प्रौढांना शिकविण्याची परंपरा जुनी आहे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली पुण्यात शेतकरी व मजुरांसाठी रात्रशाळा काढली. महाराष्ट्रात सातारा जिल्ह्यात १९५९ मध्ये सुरू झालेली ग्राम शिक्षण मोहीम १९६१ पासून राज्यभर राबविण्यात आली. गाव साक्षर झाल्यावर ग्रामगौरव समारंभ होई आणि ग्रामस्थ साक्षरता टिकविण्याची प्रतिज्ञा घेत. या कार्यासाठी युनेस्कोने मोहिमेचा गौरव केला.

५ मे १९८८ रोजी राष्ट्रीय साक्षरता अभियानाची स्थापना झाली. केरळमधील एर्नाकुळम हा ४ फेब्रुवारी १९९० रोजी देशातील पहिला पूर्ण साक्षर जिल्हा ठरला. १८ एप्रिल १९९१ रोजी कोळिकोड येथे केरळ राज्य पूर्ण साक्षर झाल्याची घोषणा चेलक्कोडन आयेशा या मलप्पुरम जिल्ह्यातील नवसाक्षर महिलेने केली. राज्याच्या कामगिरीची घोषणा मुख्यमंत्र्यांऐवजी एका शिक्षणार्थीने करावी, याला प्रतीकात्मक महत्त्व होते.

नवसाक्षरांनी शासनाला निर्णय बदलण्यास भाग पाडल्याचे सर्वांत प्रसिद्ध भारतीय उदाहरण आंध्र प्रदेशातील नेल्लोर जिल्ह्याचे आहे. तेथे जानेवारी १९९१ मध्ये ‘अक्षर दीपम’ ही मोहीम सुरू झाली. दारूमुळे होणारी कुटुंबाची वाताहत आणि स्त्रियांच्या एकजुटीचे बळ हे तिच्या पाठ्यपुस्तकांतील विषय होते. वर्गातील चर्चेतून दुबगुंटा गावातील स्त्रियांनी ताडी व अरकाची विक्री बंद पाडली. ही हकीकत पुढील पुस्तकात धडा म्हणून आल्यावर इतर गावांतील वर्गांमध्ये तिचे वाचन झाले आणि आंदोलन जिल्हाभर पसरले. १९९२ मध्ये स्त्रियांनी अरकाचे लिलाव रोखून धरले. १५ एप्रिल १९९३ पासून नेल्लोर जिल्ह्यात आणि १ ऑक्टोबर १९९३ पासून संपूर्ण राज्यात अरकावर बंदी आली. या स्त्रियांची मागणी साक्षरता वर्गांसाठी नव्हती, दारूबंदीसाठी होती. तरीही शिक्षणार्थींच्या राजकीय सामर्थ्याच्या अभ्यासात या आंदोलनाचा आवर्जून उल्लेख होतो. १९९५ साली लागू झालेली संपूर्ण दारूबंदी मात्र १९९७ मध्ये शिथिल करण्यात आली.

कायदेशीर दृष्टीने पाहता, राज्यघटनेच्या अनुच्छेद २१-क नुसार ६ ते १४ वर्षे वयोगटालाच शिक्षणाचा मूलभूत हक्क आहे. प्रौढांचे शिक्षण योजनांवर अवलंबून राहिले आहे. २००९ साली सुरू झालेली ‘साक्षर भारत’ योजना मार्च २०१८ मध्ये संपली. तिच्या लोकशिक्षण केंद्रांवरील प्रेरकांनी मानधनासाठी अनेक ठिकाणी आंदोलने केली. ज्यांचे शिक्षण थांबले त्या शिक्षणार्थींची बाजू तितक्या ठळकपणे पुढे आली नाही. चार वर्षांनंतर २०२२ ते २०२७ या काळासाठी १,०३७.९० कोटी रुपये खर्चाच्या नव भारत साक्षरता कार्यक्रमास मंजुरी मिळाली. ५ कोटी निरक्षरांना साक्षर करणे हे त्याचे लक्ष्य असून तो स्वयंसेवकांच्या बळावर चालविला जातो. २०११ च्या जनगणनेनुसार देशाचा साक्षरता दर सुमारे ७३ टक्के, तर महाराष्ट्राचा सुमारे ८२ टक्के होता.

कार्यपद्धती

शिक्षणार्थींच्या जनवकिलीच्या पद्धती देशपरत्वे भिन्न असल्या तरी काही बाबी समान आढळतात.

पत्रलेखन : शिक्षणार्थी आपल्या मतदारसंघाच्या प्रतिनिधीला स्वहस्ते पत्र लिहितो. लेखनाच्या सरावाचा तो भाग असतोच. शिवाय वर्गाच्या उपयुक्ततेचा पुरावाही त्या पत्रातच असतो.

प्रत्यक्ष भेट : लोकप्रतिनिधीच्या कार्यालयात लहान गटाने जाऊन एकच नेमकी मागणी मांडली जाते. अंदाजपत्रकाची मांडणी, समित्यांतील चर्चा आणि अंतिम मतदान यांचे वेळापत्रक समजून घेऊन भेटीची वेळ ठरविली जाते. मतदान झाल्यानंतर केलेल्या मागणीचा उपयोग होत नाही.

वर्गभेट : लोकप्रतिनिधीला वर्गात किंवा प्रमाणपत्र वितरणाच्या कार्यक्रमास बोलावले जाते. अनौपचारिक वातावरणात शिक्षणार्थींना बोलणे सोपे जाते.

साक्ष : कायदेमंडळाच्या समित्यांपुढे शिक्षणार्थी आपले अनुभव मांडतात. लिखित निवेदन वाचण्याची अडचण असल्यास तोंडी निवेदनाची तयारी करून घेतली जाते.

मतदार नोंदणी : वर्गातच नोंदणीचा अर्ज भरण्यास शिकविले जाते.

निधीच्या वापरावर काही देशांत बंधने आहेत. अमेरिकेत संघीय अनुदानाची रक्कम कायदेमंडळावर प्रभाव टाकण्यासाठी खर्च करता येत नाही. शिक्षणार्थीला नागरिक म्हणून आपल्या प्रतिनिधीकडे मागणी करण्याचा हक्क मात्र अबाधित असतो. त्यामुळे संस्थांना नागरिकशास्त्राचे शिक्षण आणि विशिष्ट विधेयकासाठीचा प्रचार यांत फरक ठेवावा लागतो.

मर्यादा व टीका

या कार्यावर काही आक्षेप घेतले गेले आहेत. संस्था शिक्षणार्थींचा उपयोग यशोगाथा म्हणून करतात आणि मागणी काय असावी हे मात्र स्वतः ठरवितात, ही प्रमुख टीका होय. व्यासपीठावर येणारी व्यक्ती बहुधा बरीच प्रगती केलेली असते. ज्यांनी वर्ग मध्येच सोडला किंवा ज्यांना वर्ग मिळालाच नाही, त्यांचे अनुभव मागे राहतात. निरक्षरतेची जाहीर कबुली दिल्याने नोकरीत किंवा समाजात अडचण येण्याची भीतीही असते.

दुसरा प्रश्न मागणीच्या भाषेचा आहे. राज्यकर्त्यांना पटावे म्हणून प्रौढ शिक्षणाचे समर्थन अनेकदा रोजगार, उत्पादकता व करउत्पन्न यांच्या आधारे केले जाते. त्यामुळे वृद्ध, गृहिणी किंवा नोकरीची शक्यता नसलेल्या व्यक्तींचे शिक्षण दुय्यम ठरते. नातवंडांना गोष्ट वाचून दाखविणे, औषधाची चिठ्ठी स्वतः वाचणे किंवा पत्राचे उत्तर स्वतः लिहिणे ही प्रयोजने आकडेवारीत बसत नाहीत. ‘इक्विप्ड फॉर द फ्यूचर’साठी आलेल्या उत्तरांत कुटुंब व नागरिकत्व यांना मिळालेले स्थान या दृष्टीने लक्षणीय ठरते.

अमेरिकेतील प्रौढ वर्गांत इंग्रजी शिकणाऱ्या स्थलांतरितांची संख्या मोठी आहे. त्यांच्यापैकी अनेकांना मताधिकार नसल्याने त्यांच्या मागणीला कमी वजन मिळते. याखेरीज, शासकीय अनुदानावर चालणाऱ्या संस्थेने शासनावर टीका करण्यात अंगभूत अडचण असते. ‘राइट फर्स्ट टाइम’चा अनुभव हे त्याचे उदाहरण होय. व्हॅल्यूसारख्या शिक्षणार्थींच्या स्वतंत्र संघटना स्थापन होण्याचे महत्त्व या पार्श्वभूमीवर लक्षात येते.

हेही पहा

प्रौढ शिक्षण
राष्ट्रीय साक्षरता अभियान
ग्राम शिक्षण मोहीम
पाउलो फ्रेरे
सेप्टिमा क्लार्क
आंतरराष्ट्रीय साक्षरता दिन